पंच कोणाचा?

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरचा तालुका. पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. काळ्या जमिनीत कापूस पिकतो, जमिनीखाली चुनखडी आणि कोळसा आहे, आणि वणीहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे मुकुटबनला थांबते. गोंड आणि कोलाम समाजाच्या या प्रदेशात बाजाराच्या दिवशी मराठी, हिंदी, तेलुगू, गोंडी, कोलामी अशा अनेक भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येतात. दिवाळीच्या सुमारास कापूस येऊ लागतो, फाल्गुन-चैत्रात हंगाम सरतो आणि मग हिशेबाचे दिवस येतात. हंगामात कामाच्या रेट्याखाली दबून राहिलेली भांडणे याच दिवसांत तोंड वर काढतात.

अशा तालुक्यातील एका पेढीचा प्रसंग मनापुढे आणावा. प्रसंग कल्पिलेला आहे, परंतु पेढी चालविणाऱ्या कोणत्याही घराला तो अनोळखी वाटणार नाही. कापसाची अडत आणि जिनिंग असलेल्या या पेढीवर एक दिवाणजी बावीस वर्षे काम करीत होते. मोठे शेठजी निवर्तले, कारभार मुलाच्या हाती आला, वहीखात्याची जागा संगणकाने घेतली आणि दिवाणजींना घरी बसण्यास सांगण्यात आले. दिवाणजींनी दोन गोष्टी मागितल्या : तीन महिन्यांचा थकलेला पगार आणि बावीस वर्षांची ग्रॅच्युइटी. त्यावर धाकट्या शेठजींनी खतावणी उघडली. नऊ वर्षांपूर्वी, मुलीच्या लग्नाच्या वेळी, दिवाणजींच्या नावे ८०,००० रुपये उचल पडलेली होती आणि त्यातील एक रुपयाही परत आलेला नव्हता.

“काका, अक्षर तुमचेच आहे ना?”

“अक्षर माझेच. पण लग्नाच्या दिवशी मोठे शेठजी म्हणाले होते, ‘हा आपल्या घरचा आहेर समजा.’ ते शब्द वहीत लिहिले गेले नाहीत.”

येथून बोलणे थांबले. दिवाणजी पेढीवरून जाणारा रस्ता टाळू लागले. दोन्ही घरांत दिवाळीला होणारी फराळाच्या ताटांची देवघेव बंद पडली. मुलगा म्हणे, न्यायालयात जाऊ द्या. दिवाणजींचा जावई म्हणे, जाऊच. मधल्या एका शहाण्या माणसाने सुचविले की कोणा तिसऱ्यावर सोपवावे. दोघांनीही होकार दिला, आणि लगेच नवे भांडण उभे राहिले. शेठजींनी व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांचे नाव सुचविले, दिवाणजींनी कामगार संघटनेच्या एका पुढाऱ्याचे. पंच हवा यावर एकमत झाले, परंतु पंच कोणाचा, यावर गाडी अडली.

मालक आणि नोकर यांच्या वादात लवाद किंवा मध्यस्थी यशस्वी होणार की नाही, हे बहुधा याच प्रश्नावर ठरते. आणि या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या अहमदाबादेत सापडते. त्या प्रसंगी मालकांच्या बाजूचे प्रमुख एका जैन व्यापारी कुळातील होते, आणि मजुरांच्या बाजूने त्यांची सख्खी थोरली बहीण उभी होती.

१९१७ साली अहमदाबादेत प्लेगची साथ पसरली. माणसे शहर सोडून जाऊ लागली. कापड गिरण्या चालू राहाव्यात म्हणून मालकांनी मजुरांना प्लेग बोनस सुरू केला, आणि काही कामगारांच्या बाबतीत तो पगाराच्या ७० टक्क्यांच्या घरात गेला. साथ ओसरल्यावर १९१८ च्या आरंभी मालकांनी हा बोनस बंद करण्याचे ठरविले. मधल्या काळात महायुद्धामुळे महागाई भडकली होती. मजुरांनी पगारात ५० टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांपुढे सरकेनात. मालकांचे नेतृत्व अंबालाल साराभाई यांच्याकडे होते. मजुरांसाठी झटत होत्या त्यांच्या भगिनी अनसूयाबेन. महात्मा गांधींना या वादात पडावे लागले तेव्हा त्यांची अडचण दुहेरी होती. ज्यांच्याविरुद्ध उभे राहायचे ते अंबालाल त्यांचे स्नेही होते. आश्रमात एका अस्पृश्य कुटुंबाला प्रवेश दिल्यामुळे देणग्या आटल्या, तेव्हा नाव न सांगता १३,००० रुपये देऊन आश्रम तारणारे तेच होते.

प्रथम सर्व काही योग्य मार्गाने चालले होते. १४ फेब्रुवारी १९१८ रोजी दोन्ही पक्षांनी पंच नेमण्यास संमती दिली. मजुरांकडून गांधीजी, वल्लभभाई पटेल आणि शंकरलाल बँकर. मालकांकडून अंबालाल साराभाई आणि त्यांचे दोन सहकारी. आणि सर्वांच्या वर सरपंच म्हणून जिल्ह्याचे कलेक्टर. परंतु पंचांचे काम सुरू होण्यापूर्वीच गैरसमजातून काही गिरण्यांतील मजुरांनी काम बंद केले. गांधीजींनी चूक मान्य केली आणि ती दुरुस्त करण्याची तयारी दाखविली. मालकांनी मात्र करार मोडल्याचे कारण पुढे करून पंचायतीतून अंग काढून घेतले आणि २२ फेब्रुवारीला टाळेबंदी पुकारली.

गांधीजींनी गिरण्यांची स्थिती आणि मजुरांचा घरखर्च यांचा हिशेब मांडून ३५ टक्के वाढ न्याय्य ठरविली, म्हणजे मजुरांची मागणीही त्यांनी खाली आणली. साबरमतीच्या काठी एका बाभळीखाली रोज सभा होत असे आणि ३५ टक्के मिळाल्याविना कामावर जायचे नाही, मात्र दंगाही करायचा नाही, ही प्रतिज्ञा रोज उच्चारली जात असे. दिवस गेले, घरांतील धान्य संपले, मजुरांचा धीर सुटू लागला. १२ मार्चला टाळेबंदी उठवून मालकांनी २० टक्क्यांवर येणाऱ्यांना दारे उघडी केली. १५ मार्चला गांधीजींनी उपवास आरंभिला. मजुरांची प्रतिज्ञा टिकावी, हा त्यांचा हेतू होता. परंतु त्याचे दडपण स्नेही असलेल्या मालकांवर आले आणि तो एक मोठा दोष होता, हे त्यांनी पुढे आत्मकथेत स्वतःच नोंदविले आहे.

१८ मार्चला तडजोड झाली. ती व्यापारी माणसाने बारकाईने पाहावी अशी आहे. पहिल्या दिवशी मजुरांना ३५ टक्के वाढीने पगार द्यावा, म्हणजे त्यांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी २० टक्क्यांनी द्यावा, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून निवाडा होईपर्यंत दोहोंच्या मधला, म्हणजे साडेसत्तावीस टक्के, आणि अंतिम आकडा पंचाने ठरवावा. पंच कोण? मालक नव्हे, मजुरांचा नेता नव्हे, सरकारी अधिकारीही नव्हे. प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव यांचे नाव दोन्ही पक्षांनी स्वीकारले. संस्कृत आणि तत्त्वज्ञानाचे हे अभ्यासक ना गिरणीचे भागीदार होते, ना मजुरांचे पुढारी. ऑगस्टमध्ये त्यांनी निवाडा दिला : ३५ टक्के.

मालकांनी तो पाळला. १९२० मध्ये अहमदाबादच्या मजुरांची स्थायी संघटना उभी राहिली तेव्हा तिने नाव घेतले ‘मजूर महाजन’. महाजन हा शब्द व्यापाऱ्यांचा. पेढीवाल्यांच्या पंचायतीला गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या हेच नाव होते. त्याच वर्षी कायम पंचमंडळाची व्यवस्था झाली : मजुरांकडून गांधीजी, मालकांकडून शेठ मंगळदास गिरधरदास, आणि दोघांत एकमत न झाल्यास सरपंच. म्हणजे प्रत्येक भांडणाला नवा पंच शोधण्याची वेळ येऊ नये म्हणून पंच आधीच ठरवून ठेवला गेला.

या कथेतून तीन व्यवहारी गोष्टी हाती लागतात. फेब्रुवारीत फिसकटलेली गोष्ट मार्चमध्ये जमली, कारण फेब्रुवारीच्या मंडळात दोन्ही पक्षच पंच होऊन बसले होते आणि मार्चचा पंच दोहोंपासून सारख्याच अंतरावर होता. दुसरे, निवाडा येईपर्यंत मजुराच्या घरातील चूल पेटती राहील अशी मधली सोय केली गेली. उपाशी माणसाला पंचाची वाट पाहता येत नाही. तिसरे, कोणाच्याही तोंडचा शब्द खोटा पडू दिला गेला नाही. वादात पैशाइतकीच प्रतिष्ठाही गुंतलेली असते, हे ज्याने ही तडजोड रचली त्याला ठाऊक होते.

याउलट चित्र महाराष्ट्राने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार बोलणी करण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता, आणि कामगार उभे होते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे. ज्याच्याशी बोलायचे त्याच्यामागे कामगार नाहीत, आणि ज्याच्यामागे कामगार आहेत त्याच्याशी बोलायचे नाही, अशी ही कोंडी. समेटाची यंत्रणा कागदावर होती. दोघांनी विश्वास ठेवावा असा तिसरा माणूस मात्र उभा राहिला नाही. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. असंख्य कामगारांची नोकरी गेली, अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण ताकदीने उभ्या राहिल्या नाहीत. कोकण-घाटावरून आलेल्या किती कुटुंबांचे पुढचे आयुष्य या एका कोंडीने बदलले, हे लालबाग-परळच्या चाळींना ठाऊक आहे.

आता कायद्याकडे वळावे. मध्यस्थ आणि लवाद हे दोन शब्द व्यवहारात सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु त्यांत भेद आहे. मध्यस्थ दोघांना एकत्र बसवितो, एकाचे दुसऱ्याला समजावून देतो. निर्णय मात्र पक्षांनी स्वतः करायचा असतो. लवाद दोघांचे ऐकून निवाडा देतो, आणि तो दोघांवर बंधनकारक होतो. म्हणून मध्यस्थाकडे जाताना फारसे गमवायचे नसते; लवादाकडे जाण्यापूर्वी मात्र माणूस पारखून घ्यावा लागतो.

१९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने या दोन्ही वाटा ठेवल्या. सरकारी कामगार कार्यालयातील समेट अधिकारी हा मध्यस्थाचे काम करतो. १९५६ मध्ये त्या कायद्यात कलम १०-क आले आणि ऐच्छिक लवादाला जागा मिळाली. मालक आणि कामगार लेखी करार करून पंच नेमू शकतात. पंच सम संख्येत असतील तर सरपंच नेमावा लागतो. आणि कराराची प्रत सरकारला व समेट अधिकाऱ्याला पाठवावी लागते. त्या कायद्यात एक अट लक्षात ठेवण्यासारखी होती. वाद न्यायाधिकरणाकडे सोपविला जाण्यापूर्वीच हा मार्ग धरावा लागत असे. संसदेने २०२० साली संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही समेट आणि ऐच्छिक लवाद या दोन्ही तरतुदी कायम आहेत.

परंतु पंचाच्या अधिकाराला मर्यादा आहे, आणि येथे अनेक व्यापारी बंधूंची गफलत होते. नेमणूकपत्रात ‘सर्व वाद मालकाने नेमलेल्या लवादाकडे जातील’ असे एक वाक्य छापून घेतले की कामगार न्यायालयाचे दार बंद झाले, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. २०१२ साली एका विमान कंपनीच्या वैमानिकांनी थकलेल्या पगारासाठी कामगार न्यायालयात धाव घेतली. कंपनीने करारातील लवादाच्या कलमाकडे बोट दाखविले. मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मानले नाही. कामगार कायद्यांनी दिलेल्या हक्कांचे रक्षण कायद्याने नेमलेल्या न्यायालयांकडेच आहे आणि खासगी लवादाच्या कलमाने ते काढून घेता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

किमान वेतन, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी घासाघिशीच्या नाहीत. पंचासमोर बसून कामगाराने ‘मला कमी चालेल’ असे लिहून दिले तरी किमान वेतनाखालचा तो आकडा कायद्यापुढे टिकत नाही. ग्रॅच्युइटीचेही तसेच. दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेत पाच वर्षांची अखंड सेवा झाली की निवृत्तीच्या, राजीनाम्याच्या किंवा कामावरून कमी होण्याच्या वेळी तिचा हक्क उभा राहतो. दर वर्षाच्या सेवेसाठी १५ दिवसांचे वेतन, आणि महिना २६ दिवसांचा धरायचा, हा तिचा हिशेब आहे. देय झाल्यापासून ३० दिवसांत ती द्यावी लागते, उशीर झाल्यास व्याज चढते, आणि कायद्याने सांगितलेल्या मोजक्या कारणांखेरीज ती रोखता येत नाही. मग पंचाकडे उरते काय? जेथे वहीत एक आणि मनात दुसरे आहे, जेथे दोन्ही म्हणणी थोडी थोडी खरी आहेत, तो सारा प्रदेश पंचाचा.

दिवाणजींच्या वादाकडे या प्रकाशात पुन्हा पाहावे. दोन्ही नावे बाजूला ठेवली गेली आणि पंच म्हणून मुकुटबनच्या शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक दोघांना पटले. त्यांना हिशेब कळत होता, आणि दोन्ही घरांकडून त्यांना काही मिळवायचे नव्हते. त्यांनी पहिल्याच बैठकीत वादाचे दोन भाग पाडले. कायद्याने ठरलेले एका कागदावर, समजुतीने ठरवायचे दुसऱ्या कागदावर. दिवाणजींचे शेवटचे वेतन मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये. त्यास २६ ने भागून १५ ने गुणले की ७,५०० रुपये होतात, आणि बावीस वर्षांचे १,६५,००० रुपये. थकलेला पगार ३९,००० रुपये. पहिला कागद येथे पूर्ण झाला. जिनिंगमध्ये दहापेक्षा अधिक माणसे होती, म्हणून त्यावर चर्चेला जागा नव्हती. थकलेला पगार त्याच आठवड्यात दिला गेला, म्हणजे उरलेल्या बोलण्यासाठी दिवाणजींच्या घराला सवड मिळाली.

दुसऱ्या कागदावर फक्त ८०,००० रुपये उरले. मुख्याध्यापकांनी लग्नाला हजर असलेल्या दोघांना बोलावून विचारले. आहेराचे शब्द दोघांनाही आठवत होते, मात्र ते सगळ्या रकमेसाठी होते की काही भागासाठी, हे कोणालाच सांगता येईना. धाकट्या शेठजींना वडिलांचे शब्द खोटे पाडायचे नव्हते. दिवाणजींना आपल्याच हाताने लिहिलेली नोंद खोटी म्हणायची नव्हती. शेवटी ३०,००० रुपये आहेर आणि ५०,००० रुपये उचल असे ठरले, आणि उचल दरमहा ५,००० प्रमाणे दहा हप्त्यांत परत करायची. ग्रॅच्युइटीतून ती कापायची नाही. ग्रॅच्युइटी स्वतंत्र धनादेशाने, पूर्ण, मुदतीत द्यायची. कागद मराठीत लिहिला गेला, मोठ्याने वाचला गेला, दोघांनी सह्या केल्या, दोन साक्षीदार झाले आणि एकेक प्रत दोघांनी घेतली.

असा समेट खासगीरीत्या झाला तर तो सही करणाऱ्यांना बांधतो. त्याला अधिक बळ हवे असल्यास समेट अधिकाऱ्यासमोर तो नोंदविता येतो. ग्रॅच्युइटीबद्दल मूळ वाद राहिलाच तर त्यासाठी कायद्याने स्वतंत्र प्राधिकारी नेमलेला आहे. प्रकरण न्यायालयात गेलेले असले तरी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. तेथील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे स्थान असते, त्यावर अपील नसते आणि भरलेले न्यायशुल्क परत मिळते. वाट कोणतीही असो, झरी जामणीसारख्या सीमेवरच्या तालुक्यात एक पथ्य अधिक पाळावे लागते. हमाल कोलामी बोलणारा असेल, रेच्यावरची बाई तेलुगू बोलणारी असेल, तर पंचाला ती भाषा आली पाहिजे किंवा ती जाणणारा माणूस शेजारी बसला पाहिजे. न समजलेल्या कागदावर उठविलेला अंगठा ही तडजोड होत नाही. पुढल्या भांडणाचे ते बी असते.

पेढीवर असा वाद उभा राहिला की मालकाची बाजू मुळातच जड असते. वही त्याच्याकडे असते, वकील त्याला परवडतो, वाट पाहणे त्याला झेपते. म्हणून तटस्थ पंच स्वीकारताना मालक काही प्रमाणात आपले बळ स्वेच्छेने खाली ठेवीत असतो. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार शास्त्राने सांगितले आहेत, त्यांत आपल्या आधीन असलेल्यावर शक्तीबाहेर भार लादणे आणि त्याचे अन्नपाणी अडविणे हे दोन आहेत. थकलेला पगार हे कोणाचे तरी अडविलेले अन्नच असते. आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात सत्याचा अंश असू शकतो, हे मानणाऱ्या अनेकान्ताच्या परंपरेत वाढलेल्याला पंचासमोर बसणे अवघड वाटू नये.

पर्युषण संपताच क्षमापनेचा दिवस येतो. घरोघरी फोन होतात, पत्रे जातात, आप्तेष्टांची क्षमा मागितली जाते. त्या यादीत पेढीवरून गेलेला दिवाणजी, पाठ दुखावल्यामुळे काम सोडलेला हमाल, हिशेबावरून रागावून गेलेला मुकादम यांची नावे सहसा नसतात. त्यांच्याशी उरलेला हिशेब मिटविण्यासाठी दोघांना मान्य असा एक माणूस, दोन कागद आणि एक दुपार पुरेशी असते. अहमदाबादच्या भावा-बहिणीला त्या माणसापर्यंत पोहोचायला टाळेबंदी, उपासमार आणि एका महात्म्याचा उपवास ओलांडावा लागला. झरी जामणीच्या पेढीवरून मुख्याध्यापकांचे घर त्या मानाने फारच जवळ आहे.